पावती आहे का?

माझ्याकडच्या वाइनच्या बाटल्या विकायच्या म्हणून लिलावगृहाच्या तज्ज्ञांशी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा मी पुरती तयारीत होते. कुठली बाग, कुठलं वर्ष, कुठली बाटली कधी उघडली आणि कशी लागली, सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. बाटल्या कुणाकडून घेतल्या, आजवर कुठे ठेवल्या आणि पावती आहे का, एवढंच विचारलं.

पावती! चौदा वर्षं मी वाइन जमवत होते आणि पावत्या घर आवरताना दर वेळी कचऱ्यात जात होत्या.

झालं असं, की घर लहान करायचं ठरलं. नव्या जागेत वाइनचं मोठं कपाट मावणार नव्हतं. घरात १४३ बाटल्या होत्या आणि २४ व्यापाऱ्याच्या गोदामात पडून होत्या. त्यातल्या ९० विकायच्या, बाकीच्या ठेवायच्या, असं मी मनाशी ठरवलं. महिन्याभराचं काम वाटलं होतं. नऊ महिने लागले.

सुरुवात यादीपासून. यादी म्हणजे नुसती नावं नव्हेत. उत्पादक, व्हिंटेज म्हणजे द्राक्षांच्या पिकाचं वर्ष, बाटलीचा आकार, लेबलची अवस्था, मूळ लाकडी पेटी आहे की नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतल्या वाइनची पातळी. वाइनच्या बाटलीलाही मान असते, खांदे असतात आणि तिच्यावर काय काय गुदरलं ते तिथेच दिसतं. बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाइन उडत राहते, त्यामुळे पातळी खाली जाणारच. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या तीस वर्षांच्या वाइनची पातळी खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तर कुणी काही म्हणत नाही. दहा वर्षांची बाटली तिथे पोचली असेल तर मात्र तिला कुठेतरी त्रास झालाय. बर्गंडी या फ्रान्सच्या दुसऱ्या भागातल्या बाटलीला खांदेच नसतात, ती उतरती. तिथे बुचाच्या तळापासून सेंटिमीटर मोजायचे. मी पट्टी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन चार शनिवार-रविवार जमिनीवर बसून हे केलं. पाठीचं जे व्हायचं ते झालं.

पण त्या चार आठवड्यांत माझ्याच बाटल्या मला पहिल्यांदा नीट दिसल्या. एकाच पेटीतल्या, एकाच वर्षाच्या तीन पांढऱ्या बर्गंडी शेजारी उभ्या केल्या. दोन फिकट सोनेरी, तिसरी गडद, चहाच्या वाटेला लागलेली. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या पांढऱ्या बर्गंडीला हा रोग आहे: एकाच पेटीतली एखादी बाटली वेळेआधी म्हातारी होते, बाकीच्या ठणठणीत. हे मी वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगतही होते. माझ्या कपाटात ते सहा वर्षं उभं होतं आणि मी एकदाही उजेडात धरून पाहिलं नव्हतं.

पुढे पावत्यांचा शोध. जुना ईमेल, बँकेची स्टेटमेंट्स, कुरिअरचे संदेश. बाटलीवरचं नाव पावतीवर वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेलं, किंवा नुसतं ‘लाल, सहा नग’. घरातल्या ६६ बाटल्या विकायला काढल्या होत्या, त्यातल्या ४१ ची कागदपत्रं कशीबशी जुळली. राहिलेल्या २५ मध्ये माझ्या सगळ्यात लाडक्या होत्या. वाइन चाखण्याच्या बैठकांमध्ये ओळख झालेल्या लोकांकडून घेतलेल्या, रोख पैसे देऊन, विश्वासावर.

“विश्वास आम्हाला कॅटलॉगमध्ये छापता येत नाही,” लिलावगृहाचे तज्ज्ञ म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती, तरी मला राग आला. मी काय खोट्या बाटल्या विकायला आले होते?

राग उतरल्यावर कळलं की हे प्रश्न कुठून आले. २००८ साली न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात दोमेन पोन्सो या बर्गंडीतल्या घराण्याच्या, क्लो सँ-दनी नावाच्या वाइनच्या बाटल्या आल्या होत्या, १९४५ ते १९७१ दरम्यानच्या म्हणून. त्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच केली १९८०च्या दशकात. त्या घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः लिलावाला जाऊन बसले आणि त्या बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या ज्याच्याकडून आल्या त्या रूडी कुर्निआवानला २०१२ मध्ये अटक झाली. घरात छापील लेबलं, बुचं आणि वाइन मिसळण्याचं साहित्य सापडलं. बनावट वाइन विकल्याबद्दल २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. विशेष म्हणजे त्याची वाइन पिऊन मोठमोठे जाणकार माना डोलावत होते. जिभेने पकडलं नाही, तारखेने पकडलं.

याची दुसरी बाजू २०१८ मध्ये दिसली. रोमाने-काँती या बर्गंडीतल्या वाइनची १९४५ ची एक बाटली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वर्षी ती वाइन अवघ्या सहाशे बाटल्या निघाली होती, हे एक कारण. दुसरं असं की ती बर्गंडीतले वाइन उत्पादक रोबेर द्रुऑं यांच्या खासगी तळघरातून थेट आली होती. अशा वाइनच्या बाबतीत ‘कुणाकडे होती’ याला ‘कशी आहे’ इतकंच मोल असतं. किंबहुना जास्तच, कारण बूच न काढता ‘कशी आहे’ कळणार कसं?

आता माझी कसोटीची वेळ. लिलावगृहाच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: साठवणुकीत कधी खंड पडला का?

पडला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे बाहेर होते आणि कपाटाचा कॉम्प्रेसर बंद पडला. परत आले तेव्हा आतल्या छोट्या थर्मामीटरच्या ‘कमाल’ आकड्यावर २९ दिसत होतं. वाइनला हवं असतं १२-१३ अंश, तेही रोज तेवढंच. गरम झाली की वाइन फुगते आणि बूच आतून ढकलते. गार होताना आक्रसते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. मी तेव्हा कॉम्प्रेसर बदलला, बटण दाबून तो आकडा पुसला आणि कुणाला काही बोलले नाही. स्वतःलाही फारसं सांगितलं नाही म्हणा ना.

आठ वर्षांनी त्या रकान्यावर पेन धरून मी बराच वेळ बसले होते. बाहेरून काही दिसत नव्हतं. म्हणजे दोन बाटल्यांचं बूच जेमतेम मिलिमीटरभर वर आलेलं आणि एकीच्या फॉइलखाली चिकट, पण ते शोधणाऱ्यालाच दिसलं असतं. ‘नाही’ लिहिलं असतं तरी खपलं असतं. शेवटी लिहिलं: २०१६, अंदाजे वीस दिवस, २९ अंशांपर्यंत. आणि त्या वेळी कपाटात असलेल्या बाटल्यांपुढे फुल्या मारल्या.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. “हे तुम्ही आपणहून लिहिलंत?” “हो.” “मग बाकीच्या रकान्यांवर मला विश्वास ठेवता येईल.” विश्वास हाच शब्द, त्याच माणसाच्या तोंडून.

तरीही फुल्यांच्या बाटल्या नाकारल्या गेल्याच. कागद जुळलेल्या ४१ मधल्या नऊ अशा बाद झाल्या, बिनपावतीच्या पंचवीस तर सरसकट. घरच्या ६६ मधल्या ३२ घेतल्या. आणि गोदामातल्या २४ च्या २४. त्यांच्याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

गंमत म्हणजे त्या २४ बाटल्या मी कधी पाहिलेल्याही नव्हत्या. बोर्दोत एक जुनी पद्धत आहे, आँ प्रिमर. वाइन पिंपात असतानाच, द्राक्षं काढल्यानंतरच्या वसंतात लोक चाखतात, भाव निघतो, तुम्ही पैसे भरता आणि बाटली येते दोनेक वर्षांनी. २०१० चं पीक फार गाजलं होतं. २०११ च्या उन्हाळ्यात सगळे घेत होते, मीही घेतली. चार पेट्या, प्रत्येकी सहा, लाकडी, खिळे ठोकलेल्या. २०१३ मध्ये त्या गोदामात आल्या आणि तिथेच राहिल्या. मी दर वर्षी भाडं भरत होते, तेही कुरकुरत. जिच्यावर माझा जीव ती दारातच परत, आणि जिला मी विसरले होते तिला पायघड्या.

भावाचं विचाराल तर २०११ हे घ्यायचं वर्षच नव्हतं. २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा कर काढून टाकला आणि तिथल्या श्रीमंतांनी बोर्दोवर, त्यातही लाफीत या तिथल्या नामांकित घराण्याच्या वाइनवर, झडप घातली. लाफीतने तर २००८ च्या बाटलीवर चिनी आठाचा आकडा कोरला, तिकडे तो शुभ म्हणून. भाव शिगेला पोचले २०११ च्या मध्यावर. म्हणजे मी अगदी शेंड्यावर चढून पैसे मोजले. मग घसरण. पुढे पैसा बर्गंडीकडे आणि शॅम्पेनकडे वळला, तेही फुगले, आणि २०२२ च्या अखेरीपासून सगळाच बाजार खाली यायला लागला. आता आँ प्रिमरमध्ये नवी वाइन घेण्याऐवजी त्याच बागेची आठ-दहा वर्षं मुरलेली वाइन कमी भावात मिळते, मग पिंपातल्या वाइनसाठी कोण थांबणार? बोर्दोतल्याच शॅटो लातूर या घराण्याने तर २०१२ मध्येच या पद्धतीतून अंग काढून घेतलं आणि वाइन पिण्याजोगी झाल्यावरच बाजारात आणायची असं ठरवलं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. मला आज ते शहाणे वाटतात.

लिलावाचा दिवस सांगण्यासारखा नाही. स्क्रीनवर आकडे सरकतात, एकेका लॉटला, म्हणजे एकत्र विकायच्या बाटल्यांच्या गटाला, मिनिटभर मिळतं. घरच्या ३२ गेल्या, चार पेट्यांपैकी तीन गेल्या, एक राखीव किमतीला, म्हणजे ठरलेल्या किमान भावाला, न पोचल्यामुळे परत आली. कमिशन, विमा, वाहतूक आणि बारा वर्षांचं गोदामभाडं वजा करता पेट्यांमध्ये मी तोट्यात आहे. घरच्या बाटल्यांनी थोडं सावरलं. नफ्यासाठी वाइन घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मग त्या नाकारलेल्या ३४. विकता येत नाहीत म्हटल्यावर प्यायच्याच. इतकी वर्षं ‘अजून थांबू’ म्हणत होते, आता थांबायला कारण उरलं नाही. गरम झालेल्यांपैकी पहिली उघडली ती सपाट निघाली, शिजवलेल्या फळासारखी, कडा नसलेली. दुसरी चक्क चांगली होती. एकीला बुचाचा दोष निघाला: ओल्या पुठ्ठ्याचा वास, ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाच्या रसायनाचा. त्यात माझा काही गुन्हा नव्हता, एवढंच समाधान.

आणि एका रात्री बोर्दोतल्या सां-जुलियां गावची १९८५ ची बाटली. बिनपावतीची, पातळी खांद्याच्या मध्यावर, म्हणजे कुणीच घेतली नसती. दोन दिवस उभी ठेवली, गाळ तळाला बसू दिला. बूच इतकं भुसभुशीत, की नेहमीचा स्क्रू लावला तर भुगा आत पडला असता. दोन पात्यांचा ओपनर बाजूंनी हळूहळू डुलवत घातला, फिरवत ओढलं. अर्धं बूच आलं, अर्धं मानेतच बसलं. ते पुन्हा पात्यांत धरलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. निघालं. मानेखाली टॉर्च धरून ओतायला लागले आणि गाळाचा पहिला काळा धागा खांद्याशी दिसताच हात थांबवला. पहिला वास बंद खोलीचा. पाच मिनिटांत तो गेला आणि देवदाराची पेटी, तंबाखू, वाळलेलं अंजीर असं एकेक वर यायला लागलं. चाळीस मिनिटं ती वाइन जिवंत होती. मग बसत गेली, शेवटचा घोट नुसता आंबट. मी आणि नवरा काही न बोलता बसलो होतो. शेवटी तोच म्हणाला, “ही नाही घेतली त्यांनी?”

परत आलेली २०१० ची पेटी आता लहान घराच्या लहान कपाटाखाली आहे. एका कडेला लॉट नंबरचं स्टिकर आहे, ओढलं तर लाकूड सोलतं म्हणून तसंच ठेवलंय. परवा स्क्रूड्रायव्हरने खिळे उचकटले आणि एक बाटली काढली. तीन तास डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागायला वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ठेवूनही जिभेला घट्ट, तुरट, मागे काळ्या मनुकांचा गर. वहीत तारीख लिहिली, पातळी लिहिली, कपाटाचं तापमान लिहिलं. खाली लिहिलं: उरल्या पाच.