तुम्ही विचारलेत म्हणून : कराटे शिकलेली मुलगी रस्त्यावर स्वतःला वाचवू शकेल का?

मी संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात कराटे शिकवतो. जून महिन्यात प्रवेशाचा अर्ज भरताना निम्मे पालक तरी मध्येच थांबून हाच प्रश्न विचारतात. ‘हो, नक्की’ असे म्हटले की अर्ज पूर्ण होतो, हे मला ठाऊक आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तेच म्हणत असे. आता माझे उत्तर थोडे लांबते. स्वसंरक्षणाचे कराटे अस्तित्वात आहे, पण बहुतेक क्लासमध्ये जे शिकवले जाते ते तसे नाही, आणि दोन्हींना एकच नाव असल्यामुळे पालकांची फसगत होते.

माझी स्वतःचीही झाली होती. ब्राउन बेल्ट (काळ्याच्या आधीचा पट्टा) असताना एसटी स्थानकावर रांगेवरून माझी एका माणसाशी बोलाचाली झाली आणि त्याने डाव्या हाताने माझी कॉलर धरून उजव्या हाताने कानशिलात लगावायला सुरुवात केली. मी पाच वर्षे ज्या ठोशाचा सराव केला होता, तो दोन हात अंतरावरून, आधी सांगून, एक पाऊल पुढे टाकून येत असे, आणि अडवला की जोडीदार तिथेच पुतळ्यासारखा थांबत असे. हा माणूस थांबत नव्हता, आणि कॉलर त्याच्या मुठीत असल्याने मागे सरकून पवित्रा घ्यायला मला जागाच नव्हती. शेवटी एका कंडक्टरने मध्ये पडून सोडवले. पट्ट्याचा रंग कोणता, हे त्या माणसाने विचारले नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर मला पुढे कराटेचे माहेर असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटाच्या इतिहासात सापडले. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही विद्या गुरूच्या घरी, मोजक्या शिष्यांना, बहुधा खाजगीतच दिली जात असे. तिथले कराटे गुरू आंको इतोसू (१८३१–१९१५) यांनी १९०१ च्या सुमारास ती शाळेत नेली आणि मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच काता, म्हणजे एकट्याने ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे संच, बसवले. आपल्याकडे कराटेची शोतोकान ही शैली शिकणारी मुले त्यांनाच ‘हेइआन’ म्हणतात. दोन-चार शिष्यांना हाताला हात लावून जे शिकवता येते, ते रांगेत उभ्या केलेल्या वर्गभर मुलांना शिकवता येत नाही. तिथे मोजणी येते, एकदम वळणे येते, कवायत येते, आणि समोरचा माणूस नाहीसा होतो. तरीही इतोसूंचा स्वतःचा गोंधळ झालेला नव्हता. ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यांनी या विद्येविषयी दहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. त्याच्या पहिल्याच मुद्द्यात त्यांनी म्हटले आहे की कराटे एकट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यासाठी नाही. एखाद्या गुंडाशी गाठ पडलीच तर हातापायांच्या बळावर इजा टाळण्यासाठी आहे. आपला सराव शरीर कमावण्यासाठी आहे की प्रत्यक्ष वापरासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे, असेही त्यांनी त्याच पत्रात बजावले आहे. आपण नेमके तेवढेच ठरवत नाही.

विद्या हरवलेली नाही, ती कातामध्ये तशीच पडून आहे. पांढऱ्या पट्ट्याची मुले पहिल्या महिन्यात जो हेइआन शोदान शिकतात, त्याच्या सुरुवातीलाच एक जागा अशी आहे की तिथे पुढचा पाय मागे ओढत हात झटक्याने खेचून वरून मुठीचा घाव घालायचा असतो. हे मनगट धरले गेल्यावर सुटण्यासाठी आहे, असे रूढ स्पष्टीकरणही सांगते. म्हणजे पहिल्याच कातामध्ये कोणीतरी आपल्याला धरलेले आहे! तरी आम्ही परीक्षेत त्या जागी फक्त पाय किती मागे आला, एवढेच पाहतो. कमरेशी मूठ ओढण्याची, म्हणजे ‘हिकिते’ची, गोष्टही तशीच आहे. त्याने ठोशाला जोर येतो असे मी कित्येक वर्षे सांगत आलो. ओढणाऱ्या त्या मुठीत समोरच्याचे मनगट किंवा बाही असली पाहिजे, हे लक्षात आल्यावर संपूर्ण काताचे अंतर एकदम बदलले. दोन हातांवरचा माणूस छातीशी आला, जिथे माझा तो एसटी स्थानकावरचा माणूस उभा होता.

ओकिनावाचेच कराटे गुरू चोकी मोतोबू (१८७०–१९४४) यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. त्यांनी खऱ्या मारामाऱ्या पुष्कळ केल्या होत्या. क्योतोमध्ये त्यांनी एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवल्याची हकीकत १९२५ मध्ये ‘किंगू’ मासिकाने छापली, पण चित्रात मात्र चेहरा शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांचा काढला, आणि मोतोबूंना त्याचा राग आला तर नवल नाही. त्यांचा भर ‘मेओतो-दे’वर असे. याचा शब्दशः अर्थ नवरा-बायकोचे हात: दोन्ही हात एकमेकांच्या जवळ, एकाने धरले की दुसऱ्याने मारायचे, आणि एकाला कधी एकटे सोडायचे नाही. कमरेशी मूठ रिकामी ठेवून उभे राहण्याला या संसारात जागा नाही.

स्पर्धेच्या कराटेला मी नावे ठेवणार नाही. त्यातली चपळाई खरी आहे, आणि माझे विद्यार्थीही स्पर्धेला जातात. मात्र स्पर्धेचा हेतू वेगळा आहे, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते. ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोंवरील पुरुषांच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४–१ असा पुढे होता; त्याची लाथ लागून इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला, आणि प्रमाणाबाहेर जोर लावल्याबद्दल हमेदी बाद होऊन सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्याला मिळाले. खेळ म्हणून हा निर्णय नियमाला धरूनच होता. पण जी मुलगी वर्षानुवर्षे घाव लागण्याआधी हात आवरण्याचा सराव करते, तिचा हात वेळ आल्यावर आपोआप वेगळे वागेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करतो?

‘प्रॅक्टिकल’ म्हणवणाऱ्यांचाही अतिरेक मला पटत नाही. चाकू हिसकावून घेण्याचे जे चित्रफितींत दाखवतात, ते मी कोणालाही शिकवत नाही. हातातली पर्स फेकून पळणे शिकवतो. कायदाही मोठ्या मुलांना सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे, पण बचावाला आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क त्यात नाही. समोरचा पडल्यावर आणखी दोन लाथा घालणारा मग बचाव करत नसतो.

म्हणून शनिवारची शेवटची वीस मिनिटे आम्ही कराटेचा ड्रेस बदलून बसतो. पायात चप्पल, खांद्याला दप्तर, पाठीमागे भिंत, आणि जोडीदाराने आधी न सांगता दंड किंवा वेणी धरायची. धरल्यावर सुटायचे, एकदा मारायचे, दाराकडे धावायचे, आणि या सगळ्यात ओरडत राहायचे. यातले सर्वांत अवघड काय असेल तर ओरडणे. राज्य पातळीवर पदक मिळवलेली एक मुलगी पहिले तीन शनिवार तोंडातून आवाजच काढू शकली नाही. कातामधली ‘किआइ’, म्हणजे घाव घालतानाची आरोळी, ती खणखणीत देत असे, पण ‘सोड मला’ हे दोन शब्द तिला म्हणता येईनात. चौथ्या शनिवारी ती इतक्या मोठ्याने ओरडली की शाळेचा रखवालदार काठी घेऊन धावत आला. तेव्हापासून शनिवारी क्लास सुरू होण्याआधी मी त्याला सांगून ठेवतो.