सावंतवाडीचा मंगळवार आणि मधली दुपार

म्हापशाहून सावंतवाडी सव्वा-दीड तासावर. पत्रादेवीचा नाका, बांदा, इन्सुलीचा घाट की आलंच गाव. लग्न, बारसं, कुणाचं कार्य यासाठी तिथे कितीदा तरी जाणं झालं होतं, पण गावासाठी म्हणून नाही. या फेब्रुवारीत मुद्दाम एक दिवस काढला. मला गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा संच घ्यायचा होता, तोही काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे, खेळायला. सासूबाईंना सोलं (आमसुलं) आणि कुळीथ हवे होते. नवऱ्याची मागणी एकच, जेवण चांगलं पाहिजे.

वार मंगळवार ठरला, कारण सावंतवाडीचा आठवडा बाजार त्या दिवशी. अडचण एवढीच की मंगळवारी सासूबाईंना मासे-मटण चालत नाही. पण बाजारापुढे त्यांनी माघार घेतली.

खरं कोडं वेळेचं होतं. दुपारी एक वाजला की तिकडची बरीच दुकानं दार ओढून घेतात ती चारपर्यंत. गोव्यात राहणाऱ्याला हे नवीन नाही, पण पुण्या-मुंबईची माणसं नेमकी अकराला पोचतात, तळ्याकाठी फोटो काढतात, जेवतात आणि मग भर उन्हात बंद शटरं बघत फिरतात. म्हणून आम्ही दिवसाचे तुकडे पाडले. सकाळी बाजार, मग राजवाडा, जेवण, दुकानं झोपलेली असताना बाहुल्यांचं आणि चित्रकथीचं गाव पिंगुळी आणि परतताना चितारआळी, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या दुकानांची गल्ली. पिंगुळीला आदल्या दिवशी फोन केला होता. तिथलं संग्रहालय घरगुती आहे, माणसं कार्यक्रमाला बाहेरगावी गेलेली असू शकतात. रेल्वेने येणाऱ्यांनी एक धरून चालावं, सावंतवाडी रोड स्थानक गावात नाही, चांगलं लांब आहे. तिथून रिक्षा करावी लागते.

बाजारात मी फक्त पिशवी धरली. बोलणं सगळं सासूबाईंचं. "खंयसून इलात?" या प्रश्नाला "म्हापश्यासून" म्हटलं की भाव थोडा चढतो, म्हणून त्या आपलं माहेरचं गाव सांगतात. सोलं घेताना त्यांनी मूठभर उचलून बाईसमोरच झटकली. खाली मीठ पडलं. "मिठाचे पैशे मी देवचंय नाय," म्हणाल्या. बाई हसली आणि मागच्या गोणीतली मऊ, काळपट सोलं काढून दिली. कुळीथ, उकडे तांदूळ, तिरफळं, शेणाने सारवल्यासारखा रंग असलेली गावठी हळकुंडं असं करत पिशवी जड झाली. ओले काजूगर नुकते यायला लागले होते. ते शेकड्यावर मोजून मिळतात, आणि हंगामाच्या तोंडाला भाव विचारताना मन घट्ट करावं लागतं. आम्ही केलं. मालवणी खाजा मात्र मी सासूबाईंना न विचारताच घेतला, आल्याचा, गुळात घोळलेला.

राजवाडा मोती तलावासमोर आहे. चिऱ्याचा, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. आत शिरताना संस्थानी थाट बघू म्हणून शिरलो आणि दरबार हॉलमध्ये जमिनीवर बसून रंगवणारी माणसं बघत बसलो. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावताराच्या संचात १२० असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला इथे जवळजवळ विझली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या राजा-राणीने ती उचलून धरली, स्वतः शिकले, कारागिरांना राजवाड्यातच जागा दिली. आज समोर बसलेल्या मुलीच्या हातातली ब्रशची एक केसाएवढी रेघ त्या हट्टामुळे आहे. मत्स्याच्या पानावर ती एकामागून एक मासे काढत होती, सगळे सारखे, आणि मोजत होती तोंडाने.

"खेळूक होयो काय ठेवूक?" असं तिथल्या कारागिरांनी विचारल्यावर मला फार बरं वाटलं. खेळायचा म्हटलं तर लहान आकार बघा, हातात चाळीस पानं धरायची आहेत. तिघांनी खेळायचा खेळ, १२० भागिले तीन. आमच्या घरात माणसंही तीनच. त्यांनी नियम सांगितले. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, दिवस मावळल्यावर कृष्णाचा राजा. हुकूम नाही. पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. मी वहीत लिहून घेतलं. हाताने रंगवलेला संच हजारांच्या घरात जातो. समोर रंगवताना बघितल्यावर त्यावर घासाघीस करायला जीभ वळत नाही. मी पसंत करून ठेवला, पण लगेच घेतला नाही. आधी सगळं बघू, मग पैसे.

जेवणात नवऱ्याने कोंबडी-वडे मागवले. सासूबाईंना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि तेच वडे. मी दोन्हीत हात घातला. माझं मत विचाराल तर त्या दिवशी सांबारं जिंकलं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण दोन्हीकडे, पण कोंबडीच्या रश्श्यात तिखट पुढे होतं आणि वाटाण्यात वाटण. सोलकढी तीन-तीन वाट्या.

पिंगुळी कुडाळच्या अलीकडे, अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या गुढीपूरला ठाकर समाजाची वस्ती आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्याची उंची अजून तशीच, नवऱ्याला मान वाकवावी लागली. भिंतींवर चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री, आणि चित्रकथीच्या पोथ्या. पोथी म्हणजे बांधलेलं पुस्तक नव्हे, सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र समोर उभं करतो, वाद्य वाजवत त्यातला प्रसंग गातो, मग पुढचं. बहुतेक माणसं बाजूने काढलेली, तरी डोळा मात्र पूर्ण आणि टपोरा. रामायण-महाभारतातले प्रसंगही आपण वाचलेले नेहमीचेच असतात असं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ह्या माका ठावक नव्हता." त्यांना ठाऊक नाही असं रामायणात फारसं काही नसतं.

कंदिलाच्या काळात पडद्यामागे नाचायच्या त्या चामड्याच्या बाहुल्या आता बल्बपुढे धरून दाखवतात. उजेड आरपार आला की रंग लागतो. तिथे एक छोटं चित्र घेतलं. घाईत जाणार असाल तर पिंगुळी वगळा. निदान तासभर बसायची तयारी हवी, नाहीतर वीस मिनिटांत सगळं "बघून" होतं.

परत आलो तेव्हा चितारआळी जागी झाली होती. दुकानाबाहेर केळ्यांचे घड, आंबे, फणस, सगळे लाकडाचे. पाट, चौरंग, भातुकली. इथे डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण बाहेरगावचा मालही याच फळ्यांवर असतो. मी दुकानदारांनाच विचारलं. ते न लाजता म्हणाले, "ह्या बाहेरचा. ह्या हयचा." लाखेचं काम बघायचं तर लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, वर केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. नुसता ऑइलपेंट मारलेला माल स्वस्त असतो आणि वाईटही नसतो, फक्त तो लाखेचा म्हणून घेऊ नये. भाचीसाठी फळांची परडी घेतली, सासूबाईंनी देवाला चौरंग घेतला. राजवाडा बंद व्हायच्या आत संच घेऊन आलो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून डबी कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, असं देताना त्यांनी बजावलं.

कपाट राहिलं बाजूला, संच बाहेरच असतो. रात्री जेवणं झाली की कृष्णाच्या राजाने उतारी. "धा आसताना एक्को मोठो कसो?" हे सासूबाई दर डावाला विचारतात, आणि जास्त हात त्यांचेच होतात.