त्यांना चित्रांचे पैसे मिळाले का?

मनोरुग्णालयातल्या आमच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात, म्हणजे रुग्णांच्या हाताला काम देऊन उपचार करतो तिथे, अधूनमधून स्टाफचं प्रशिक्षण असतं. स्लाइड्स लावल्या की सगळे पेंगतात. म्हणून त्या शनिवारी मी सिनेमाच लावला. 'नीझी: द हार्ट ऑफ मॅडनेस', २०१५ चा, ब्राझीलचा. सबटायटल्स इंग्रजीत, त्यामुळे मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे.

सुरुवातीलाच डॉ. नीझी दा सिल्वेरा रुग्णालयाच्या लोखंडी दारावर थापा मारत उभी. कोणी उघडेना. "गेटवाला जेवायला गेला असणार," आमचे वॉर्डबॉय मामा म्हणाले आणि हशा पिकला. पुढच्या प्रसंगात सगळे चिडीचूप. १९४४ चं रिओ, भूल न देता शॉक दिला जातोय आणि डॉक्टर मंडळी बघतायत. नीझी शॉक द्यायला साफ नकार देते. मग तिच्या गळ्यात मारला जातो कोणालाच नको असलेला विभाग. म्हणजे आमचाच! इथे टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी सिस्टर तापल्या होत्या. "हे बघून नातेवाईक ईसीटीला, म्हणजे शॉकच्या उपचाराला, नाहीच म्हणतील. आपण भूल देऊन, स्नायू सैल करून देतो, ते कोण सांगणार?" त्यांचं बरोबर होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय ईसीटीला बंदीच आहे. लोबोटॉमीच्या, म्हणजे मेंदूतले धागे कापण्याच्या शस्त्रक्रियेच्या बाजूने मात्र कोणीच बोललं नाही. त्या शस्त्रक्रियेला १९४९ मध्ये नोबेल मिळालं म्हटल्यावर मामांनी कानाला हात लावले. नीझीबरोबर काम करणारी नर्स इव्होने लारा पुढे सांबाची मोठी गायिका झाली, हे ऐकून सिस्टर जरा निवळल्या.

उत्तरार्धात रुग्ण रंगवायला लागतात. फर्नांदो, आदेलिना, एमिग्दिओ. सुचवू नका, फक्त बघा, असं नीझी स्टाफला बजावते. पुढे चित्रांचं प्रदर्शन भरतं, समीक्षक मारियो पेद्रोझा थक्क होतो. आमच्या विभागात लिफाफे बनवणारे रुग्ण काका कधी येऊन मागच्या बाकावर बसले, कळलंच नाही. बोटांवरची खळ तशीच वाळलेली.

दिवे लागल्यावर मी ठरलेला प्रश्न विचारला, यातलं आपल्याला काय करता येईल? मागून आवाज आला, "बाई, त्या लोकांना चित्रांचे पैसे मिळाले का?"

मी सांगितलं, नीझीचा विक्रीला विरोध होता. एकेकाची चित्रं ओळीने एकत्र राहिली तरच त्याच्या मनात काय चाललंय ते समजतं, असं तिचं म्हणणं. म्हणून १९५२ मध्ये तिने संग्रहालय काढलं. आज तिथे साडेतीन लाखांवर कलाकृती आहेत.

काकांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे डोक्यातलं सगळं जपून ठेवलं. बरंय. पण चहा-बिडीचं काय?"

"चला काका, वॉर्डात," म्हणत मामा उठले. मी मामांना खाली बसवलं. रुग्णाकडून जबरदस्तीने काम करून घ्यायचं नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यायचा, हेही त्याच कायद्यात आहे. ईसीटीचं कलम सगळ्यांना तोंडपाठ, हे मात्र मोबाइलवर शोधून वाचावं लागलं.

उरलेला वेळ लिफाफ्यांवरच गेला. शेकड्याला किती, शेवटचा दर कधी वाढला? आमच्यापैकी कोणाला सांगता येईना, काकांनी सांगितला. मी तिथेच दरवाढीचा प्रस्ताव लिहायला घेतला, तर काका म्हणाले, "मोठ्या लिफाफ्याचा दर वेगळा लिहा. त्याला खळ जास्त लागते."