तिरका चौरस आणि दहावीची भूमिती

माझ्याकडे संध्याकाळी नववी-दहावीची आठ-दहा पोरं गणिताला येतात. बीजगणितात बरी चालतात, पण भूमितीची वही काढा म्हटलं की चेहरे उतरतात. घरचे म्हणतात अभ्यासच करत नाही. अहो करतात, प्रमेयं पाठ असतात, पक्ष, साध्य, सिद्धता सगळं घडाघडा म्हणून दाखवतात, पण आकृतीतली अक्षरं बदलली किंवा आकृती जरा फिरवून दिली की तिथेच अडतात.

मध्ये नववीच्या मुलांना फळ्यावर चौरस काढून दाखवला, सगळे चौरस म्हणाले. मग तोच एका टोकावर उभा काढला तर कुणी म्हणे पतंग, कुणी शंकरपाळी! बाजू त्याच, कोन तेच, पण यांच्या डोक्यातला चौरस कायम आडव्या पायावर बसलेला. शिरोलंबाचंही, म्हणजे टोकातून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबाचंही तेच, विशालकोन त्रिकोणात लघुकोनाच्या टोकातून काढला की तो बाहेर पडतो, पाया वाढवून घ्यावा लागतो, पण मुलं ओढूनताणून आतच काढतात, कारण पहिल्यापासून आतलाच बघितलाय.

नेदरलँड्समध्ये व्हॅन हिले म्हणून एक शिक्षक जोडपं होतं, त्यांनी १९५७ मध्येच हे मांडलंय. मूल आधी आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं, मग त्याचे गुणधर्म कळतात, मग त्या गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध, आणि सिद्धता त्याच्याही नंतर. वय वाढलं म्हणून आपोआप पुढची पायरी येत नाही, तसा अनुभव द्यावा लागतो. आपण मात्र पहिल्या पायरीवरच्या मुलाला थेट सिद्धता लिहायला बसवतो आणि वर ढ म्हणतो, याचा मला खरंच राग येतो.

दहावीला काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या टोकातून कर्णावर लंब टाकला की तिन्ही त्रिकोण, मोठा आणि आतले दोन, समरूप होतात, म्हणजे कोन तेच, फक्त लहान-मोठे, ते प्रमेय आहे ना, त्यात एका मुलीला एकाच आकृतीत तीन त्रिकोण दिसतच नव्हते. जुनी लग्नपत्रिका घेतली, जाड कागद असतो, दोन सारखे काटकोन त्रिकोण कापले आणि त्यातला एक शिरोलंबावर कापून दोन तुकडे केले. ती ते तुकडे मोठ्या त्रिकोणावर ठेवून कितीतरी वेळ फिरवत बसली, काटकोनावर काटकोन बसायचा पण कर्ण काही समांतर येईना. मी गप्प बसले. शेवटी तिने एक तुकडा पालथा केला आणि तो बरोबर बसला, मग दुसराही पालथा केला. "ताई, हे उलटे होते!"

हेच उलटं वहीत डोळ्याला दिसत नाही, म्हणून समरूपता लिहिताना अक्षरांचा क्रम चुकतो आणि मग सगळी गुणोत्तरं चुकतात. तिने मोठ्या त्रिकोणाच्या आणि तुकड्यांच्या कोपऱ्यांवर पेनाने अक्षरं घातली, काटकोनाला बी, लंब कर्णाला मिळतो तिथे डी, कर्णाच्या टोकांना ए आणि सी, आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवत वहीत लिहिलं, एबीसी, एडीबी, बीडीसी. क्रम मला सांगावा लागला नाही.