क्रेब्ज द्रावण आणि भिंतीवरचा तो कागद

शरीराबाहेर काढलेला आतड्याचा किंवा हृदयाचा तुकडा प्रयोगासाठी जिवंत ठेवायला जे क्षारांचं पाणी लागतं, ते क्रेब्ज-हेन्सलाइट द्रावण. त्याची कृती आमच्या प्रयोगशाळेत भिंतीला चिकटवलेली होती. त्या कागदावरचा माझा राग अजून गेलेला नाही. क्षारांची नावं आहेत, ग्रॅम आहेत. कशानंतर काय घालायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

एका लिटरला सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २, पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार त्याहून कितीतरी कमी. इथवर सगळं बिनबोभाट.

घोडं अडलं ते कॅल्शियम क्लोराइडपाशी. ते पडलं रे पडलं की नितळ द्रावण दुधाळ. स्टिरर थांबवला की तळाशी पांढरा साका. ‘गाळून घे, होतं असं,’ हा अनुभवी सल्ला. अहो, गाळणीवर जे राहतं तेच तर कॅल्शियम! त्याच्याशिवाय आतड्याचा तुकडा आकुंचन पावणार कसा? १८८३ मध्ये सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरने हेच छापलं होतं: नळाच्या पाण्यातल्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं, डिस्टिल्ड वॉटर वापरलं की मंदावायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. आणि आम्ही ते गाळून फेकायचं?

खरी गोम पीएचमध्ये, म्हणजे द्रावण किती आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या आकड्यात आहे. बायकार्बोनेटचं द्रावण नुसतं ठेवलं तर पीएच आठच्या आसपास किंवा वर जातो, आणि तिथे कॅल्शियमचा कार्बोनेट, फॉस्फेट होऊन खाली बसतो. म्हणून आधी ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा वायू वीसेक मिनिटं सोडायचा. पीएच ७.४ च्या जवळ आला की मग ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने कॅल्शियम. एवढी एक ओळ कागदावर लिहायला काय जात होतं? मी ती लाल पेनने लिहून टाकली आहे.

घाई करून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच खाली ओढू नका. बायकार्बोनेटच उडून जातं.

हो, आणि वजन करण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. लिटरला लागणाऱ्या २.५ मिलिमोल कॅल्शियमसाठी निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.२८ ग्रॅम लागतं, डायहायड्रेट (ज्याच्या स्फटिकातच पाणी असतं ते) ०.३७. कागदावर नुसतं ‘०.२८’. शिवाय निर्जल पूड हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे वजनाचा भरवसा नाही. कॅल्शियम क्लोराइडचं एक मोलर (मिलीला एक मिलिमोल) तयार द्रावण ठेवावं, लिटरला अडीच मिली.

ग्लुकोज मात्र त्याच दिवशी घाला, नाहीतर जंतूंची मेजवानी. ऑर्गन बाथमध्येही (तुकडा ज्या भांड्यात या द्रावणात टांगतात त्यात) वायूचे बुडबुडे शेवटपर्यंत चालू हवेत, तेव्हा सिलिंडरचा काटा सकाळीच बघून घ्या.