टी३ परत लावलं

पाचव्या आठवड्यात मला सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारं यंत्र, एकट्याने चालवायची परवानगी मिळाली. एकट्याने म्हणजे काय, तर मला शिकवणाऱ्या ताई त्याच शेडमध्ये असणार, फक्त माझ्या पाठीशी उभ्या राहणार नाहीत.

माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं. सेन्सरच्या सर्किटांना खोकी लागतात, ती मी थ्रीडी प्रिंटरवर काढायचो. प्रिंटर चुकला तर फार तर प्लास्टिकच्या दोऱ्याचा गुंता होतो. सकाळी येऊन तो केरात टाकायचा आणि पुन्हा लावून द्यायचं. अ‍ॅल्युमिनिअमची खोकी करायची वेळ आली तेव्हा सामायिक वर्कशॉपमधल्या सीएनसी मिलिंग मशीनकडे वळलो. माझा हिशोब असा की आज्ञा त्याच, त्या लिहायची भाषा, जी-कोड, तीही तीच, मग अवघड ते काय!

ताईंनी पहिला तासभर मशीनला हात लावू दिला नाही. बंद मशीनच्या पॅनेलसमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "लाल बटण दाब." माझा हात चाचपडत फीडच्या, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाच्या, नॉबवर गेला. पुन्हा. या वेळी पॅनेलच्या कडेवर. आठव्या-नवव्या खेपेला हात थेट इमर्जन्सी स्टॉपवर पडला, तरी त्यांनी आणखी पाच वेळा करून घेतलं. "लाल दाबलं म्हणून इथे कुणी कुणाला बोलत नाही," त्या म्हणाल्या. "नाही दाबलं म्हणून बोलतात."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने नवे हातमोजे घेऊन गेलो. ते त्यांनी काढायला लावले. बोटातली अंगठीही. कच्चा तुकडा उचलताना, मशीन बंद असताना मोजे घाल, चालेल. फिरत्या स्पिंडलपाशी (कापणारं टूल धरून फिरवणारा दांडा) मात्र नाहीत. मोज्याचा एक धागा टूलला गुंडाळला की मागोमाग हात जातो. चिप्सना, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या कपच्यांना, हात लावायचा नाही, ब्रशने ओढायच्या, आणि त्यासुद्धा स्पिंडल थांबल्यावर. चिप दिसते चांदीच्या तारेसारखी आणि कापते ब्लेडसारखी.

नंतरचे दोन आठवडे व्हाइसमध्ये, म्हणजे कापायचा तुकडा (जॉब) आवळून धरणाऱ्या शिकंजात, गेले. जबडे पुसायचे, खाली पॅरलल, म्हणजे सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या, ठेवायचे, जॉब आवळायचा, नायलॉनच्या हातोडीने ठोकायचा आणि मग पॅरलल बोटाने हलवून बघायचे. हलला तर जॉब बसलेला नाही. हे मी इतक्या वेळा केलं की स्वप्नातही पॅरलल हलायचे. शेवटी आले आकडे: एज फाइंडरने जॉबची कड शोधून एक्स आणि वायचा झिरो, म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, घ्यायचा (फाइंडर १० मिलिमीटर व्यासाचा, म्हणून कड सापडल्यावर ५ मिलिमीटर आत सरकायचं, मी एकदा विसरलो आणि सगळी भोकं इमानदारीत ५ मिलिमीटर सरकून पडली), आणि प्रत्येक टूलची लांबी मोजून ऑफसेटच्या पानावर भरायची.

ही लांबीची भानगड नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या मशीनवर टूलची लांबी स्पिंडलच्या तोंडापासून टूलच्या टोकापर्यंत मोजतात. टी३ हे तिसऱ्या घरातलं टूल, एच३ ही त्याची भरलेली लांबी. प्रोग्राममध्ये 'जी४३ एच३ झेड२५' आलं की मशीन एच३ वाचतं आणि टोक जॉबच्या २५ मिलिमीटर वर राहील अशा बेताने स्पिंडल खाली आणतं. टोक खरोखर कुठे आहे हे त्याला कळायची सोय नाही. एमआयटीमध्ये १९५२ साली छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. पट्टी गेली, पडदा आला, पण आमच्या शेडमधलं मशीन त्या बाबतीत अजून आंधळंच आहे. त्याला दिसत नाही, त्याला सांगितलेलं असतं.

तर तो दिवस. आदल्या संध्याकाळी मी चारही टूल्स लावून, लांब्या मोजून, वहीत लिहून घरी गेलो होतो. टेबलावर दोन व्हाइस आहेत. माझा जॉब डाव्या व्हाइसमध्ये तसाच ठेवला, त्याचा झिरो मशीनच्या जी५४ या नोंदीत. सकाळी आलो तर सगळं जागच्या जागी. टेबल पुसलेलं, माझा जॉब तसाच, चारही टूल्स आपापल्या घरात.

ताईंचा नियम असा की प्रोग्राम सुरू करण्याआधी प्रत्येक टूल स्पिंडल बंद ठेवून जॉबच्या वर १०० मिलिमीटरवर बोलवायचं आणि मध्ये स्टीलची पट्टी उभी धरून बघायचं. टी१ बोलावलं, बरोबर १००. टी२, बरोबर १००. टी३ आणि टी४ राहू दिली. काल संध्याकाळी मीच मोजली होती की! रात्रीतून काय टूल वाढतंय?

टी१ ने जॉबचा माथा सपाट केला, टी२ ने भोकांच्या खुणा पाडल्या. टी३ म्हणजे १० मिलिमीटरचं कार्बाइडचं एंड मिल, म्हणजे कापायचं दांड्यासारखं टूल, तीन धारांचं. त्याचं गणित मी तीनदा केलं होतं: मिनिटाला १५० मीटर कापायचा वेग धरला तर स्पिंडल ४८०० फेऱ्यांच्या आसपास, दर धारेला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे फीड मिनिटाला ७२० मिलिमीटर. या आकड्यांचा मला फार अभिमान होता. सगळं लक्ष त्यांच्यावरच, लांबीचा विचारही मनात नाही.

टूल बदललं. सिंगल ब्लॉक चालू, म्हणजे दर ओळीला बटण दाबावं लागतं. रॅपिड, म्हणजे न कापता नुसतं सरकण्याचा वेग, ५ टक्क्यांवर. हे दोन्ही मी शहाणपणाने केलं होतं असं नाही. हाताला लागलेली सवय होती. तशीच तिसरी सवय: पहिल्यांदा खाली येताना 'डिस्टन्स टू गो'चा, म्हणजे अजून जायच्या अंतराचा, आकडा ५० च्या आसपास आला की फीड होल्ड दाबायचं, आणि पडद्यावरचा आकडा व डोळ्यांना दिसणारी फट यांची तुलना करायची.

दाबलं. अक्ष थांबले, स्पिंडल फिरतच राहिला. फीड होल्डने तो थांबत नाही. पडद्यावर झेड अजून ५१ जायचं. तिथून आणखी २५ वर थांबणार, म्हणजे टोकाखाली ७६ मिलिमीटर मोकळे हवेत. चार बोटं. काचेतून पाहिलं तर दोन बोटं मावतील एवढीच फट.

पहिला विचार काय आला सांगू? माझेच डोळे चुकले. काचेवर कूलंटचे ओघळ होते, मी तिरका उभा होतो. खाली वाकून पाहिलं, डावीकडून पाहिलं. पडदा इतक्या खात्रीने ५१ म्हणत होता, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत, आणि मी बोटं मोजत होतो. अंगठा पुढे चालू करणाऱ्या सायकल स्टार्टच्या बटणावर टेकला होता हे मला नंतर आठवलं. मग मनात साधी वजाबाकी झाली. फट अडतीस-चाळीस, जायचंय ५१. उरलेलं अंतर कुठून आणणार? जॉबमधूनच.

अंगठा काढला, स्पिंडल बंद केला आणि हाक मारली, "ताई, जरा येता का?"

त्या लेथवर होत्या. ते थांबवून हात पुसत आल्या. स्पिंडल पुरता थांबल्याची खात्री करून दार उघडलं आणि पट्टी माझ्याच हातात दिली. ३८.

"आता एच३ वाच."

ऑफसेटच्या पानावर ९४.६२. माझ्या वहीत १३२.४०.

त्या काहीच बोलल्या नाहीत, दाराला टांगलेलं रजिस्टर काढून माझ्यासमोर धरलं. त्यात सकाळची नोंद होती, सुवाच्य अक्षरात: 'उजवा व्हाइस, जी५५. टी३ बदललं. काम झालं. टी३ परत लावलं.'

मी येण्याआधी एका सभासदाने तासाभराचं काम उरकलं होतं. त्याच्या प्रोग्राममध्ये टी३ च लिहिलेलं. त्याने माझं टूल काढलं, आपलं आखूड टूल लावलं, लांबी मोजून एच३ मध्ये भरली, काम केलं, आणि जाताना भल्या मनाने माझं टूल परत त्याच घरात ठेवलं. टूल माझं, आकडा त्याचा. मशीनच्या लेखी ते ३८ मिलिमीटरने आखूड होतं, म्हणून स्पिंडल तेवढाच जास्त खाली येणार होता. पडद्यावर झेड २५ दिसलं असतं तेव्हा टोक जॉबच्या आत १३ मिलिमीटर असतं.

आमच्या मशीनचा रॅपिड मिनिटाला २० मीटर, म्हणजे सेकंदाला ३३३ मिलिमीटर. पूर्ण रॅपिडवर असतो तर ती फट सेकंदाच्या नवव्या भागात संपली असती. कार्बाइड वाकत नाही, फुटतं. आणि स्पिंडलच्या बेअरिंगला बसलेला धक्का आमच्यासकट सगळ्या सभासदांना महिनोन् महिने ऐकू आला असता.

त्याला फोन केला. मी "एच३" म्हटल्याबरोबर पलीकडून "अरे देवा" आलं. रागवायला मला तोंड नव्हतं. त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. पट्टी धरायला लागला असता अर्धा मिनिट, तोही मी वाचवला होता.

त्यानंतर चारही टूल्स पुन्हा मोजली. टी३ १०० वर बोलावलं, पट्टी उभी केली, तेव्हा हात किंचित थरथरत होता. पट्टीचं टोक टूलवर टिकटिक वाजलं. मग कापायला घेतलं. नीट चाललेल्या एंड मिलचा आवाज एकसुरी असतो, कापड फाडल्यासारखा, आणि दुपारभर तो तसाच राहिला. खोक्याची आतली रुंदी ४० हवी होती, आली ३९.९७. झाकण बसलं. एरवी मी फोटो काढले असते.

संध्याकाळी आवराआवर केली. चिप्स झाडल्या, टूल्स काढून डब्यात ठेवली, रजिस्टरमध्ये दोन ओळींच्या जागी आठ ओळी लिहिल्या. मग वाटलं, आपले आकडे मागे राहायला नकोत. ऑफसेटचं पान उघडलं आणि एच१ ते एच४ शून्य करायला घेतले.

"थांब," मागून ताई म्हणाल्या. "शून्य म्हणजे मशीनला काय कळेल?"

मी बोट तसंच धरून विचार करत राहिलो. टूलची लांबी शून्य. म्हणजे टूलच नाही. म्हणजे झेड २५ म्हटलं की ते स्पिंडलचं तोंडच जॉबच्या २५ मिलिमीटर वर आणणार, आणि तिथे उद्या कुणाचं तरी सव्वाशे मिलिमीटरचं टूल लोंबत असणार.

"मग काय भरू?"

"आपल्याकडचं सगळ्यात लांब टूल केवढं?"

"दोनशेच्या आत."

"तीनशे भर. कुणी मोजायला विसरला तर टूल वरच्या वर हवेत फिरेल, नाहीतर मशीन अलार्म देऊन अडून बसेल. ठोकणार तर नाही."

चार ओळींत ३०० भरलं. दशांश चिन्ह दिलंय ना हे त्यांनी वाकून पाहिलं, कारण ते राहिलं तर आमचं मशीन ३०० म्हणजे ३०० मायक्रॉन समजतं. दुसऱ्या ओळीत राहिलं होतं.