लियोंमधला पहिला दिवस : जेवणाची वेळ आधी बघा

मुंबईहून पॅरिस आणि तिथल्या विमानतळाच्या स्टेशनावरूनच थेट तेजेव्हे (TGV, तिथली अतिवेगवान रेल्वे) पकडून दोनेक तासांत फ्रान्समधलं लियों शहर. हॉटेलात सामान टाकून, आंघोळी उरकून आई आणि मी सोन नदीपलीकडच्या जुन्या शहरात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. पोटात कावळे ओरडत होते आणि प्रत्येक दारात एकच उत्तर : किचन बंद. इथे दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळात लोक बाहेर कॉफी पीत बसलेले दिसतात, त्यामुळे हॉटेल चालू आहे असं वाटतं, पण गरम काही मिळत नाही. सत्तरीच्या आईला रात्रभराच्या प्रवासानंतर असं उपाशी फिरवल्याचं मला फार लागलं. शेवटी बेकरीतून चीज घातलेला 'बागेत', म्हणजे लांबट फ्रेंच पाव, घेतला आणि नदीकाठच्या बाकावर बसून खाल्ला. म्हणून सांगते, एकच्या सुमारास पोचत असाल तर आधी जेवा, आंघोळ नंतर. उशीर होणार असेल तर स्टेशनावरच काहीतरी बांधून घ्या.

रात्री मात्र मनासारखं झालं. लियोंच्या घरगुती धाटणीच्या खानावळींना 'बुशों' म्हणतात. आमच्या हॉटेलातल्या मुलीने फोन करून साडेसातचं टेबल सांगून ठेवलं. गुरुवार होता म्हणून मिळालं. रविवार-सोमवार बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते.

बुशोंचं जेवण मांसाहारी, त्यातही आतड्या-कोथळ्याचे पदार्थ भरपूर. 'आंदुयेत' म्हणजे डुकराच्या किंवा वासराच्या आतड्यांचं सॉसेज, हे माहीत असूनच मागवा. लियोंच्या सॅलडमध्येही अंड्यासोबत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. अंडं खाणाऱ्यांनी 'सां लार्दों' म्हणजे त्यांच्याशिवाय मागावं. मी मासे खाते, म्हणून 'केनेल' घेतली. नदीतल्या ब्रोशे माशाची लांबट वडी, फुगून हलकी झालेली, वर झिंग्यासारख्या क्रेफिशचा दाट सॉस.

आई शाकाहारी. तिच्यासाठी 'सेर्व्हेल द कान्यू' मागवलं. शब्दशः अर्थ 'रेशीम विणकराचा मेंदू', पण मेंदूबिंदू काही नाही. ताज्या पांढऱ्या चीजमध्ये लसूण, बारीक चिरलेला छोटा कांदा, हिरव्या पाती, थोडं तेल आणि व्हिनेगर. कान्यू म्हणजे इथले विणकर. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर लसूण घातलेला चक्का!" सोबत दूध-सायीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या, 'ग्रातँ दोफिन्वा'. पावाने वाटी पुसून खाल्ली तिने. चीजमधलं रेनेट (दूध विरजायला वापरतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) चालत नसेल तर मात्र आधी विचारा.

आत शिरताना 'बोंझूर', संध्याकाळी 'बोंस्वार' म्हणायला विसरू नका, त्याने समोरच्याची वागणूकच बदलते. 'ऊन काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं, नुसतं पाणी मागितलंत तर विकतची बाटली येऊ शकते. 'आंत्रे' म्हणजे मुख्य पदार्थ नव्हे, सुरुवातीचा. ठरलेल्या दोन-तीन पदार्थांचा 'मेनू' घेतला तर सुटं मागवण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' म्हणावं लागतं. सेवाशुल्क त्यातच असतं, वर टिप दिलीच पाहिजे असं नाही.

शेवटी गुलाबी प्रालिनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा, टार्ट दोघींत एक घेतला, फार गोड असतो. आणि निघताना तिथल्याच काउंटरवर दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराचं टेबल सांगून आले.